मागच्या चाकापाशी

आमच्या शेजारचे नाना सकाळी दात घासायच्या आधी गाडीची उंची मोजतात.

घरात लहान मूल असलं की दाराच्या चौकटीवर पेन्सिलने त्याची उंची टिपतात ना, तशी. फरक इतकाच की मूल वाढत जातं आणि नानांची गाडी रात्रीतून खाली बसते. हातात लोखंडी पट्टी, कानावर खडू, अंगात बनियन अशा थाटात नाना चारही चाकांपाशी एकेकदा उकिडवे बसतात. चाकाच्या मधल्या टोपीपासून वरच्या पत्र्यापर्यंतचं अंतर घेतात आणि समोरच्या बंद घराच्या कंपाउंडवर चार आकडे लिहितात. नानांची स्वतःची भिंत आहे आणि ती कोरी आहे. पण लिहायचं समोरच्याच भिंतीवर. मग दोन पावलं मागे सरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणतात, "बसली."

एवढ्यावर थांबले असते तर मी त्यांना नुसतं हौशी म्हटलं असतं. पण पुढे नाना ड्रायव्हरच्या जागेवर बसतात, गाडी सुरू करतात, एक बटण दाबतात. पुढच्या चाकाच्या आतून कोणी तरी घसा खाकरत असल्यासारखा आवाज सुरू होतो. नाना मान न वळवता मागे ओरडतात, "उनी का?"

मागे कोणीही नसतं.

नाना थोडा वेळ वाट बघतात. मग खाली उतरतात, गाडीला वळसा घालून मागच्या चाकापाशी जातात, पत्र्यावर हात ठेवतात आणि हळू आवाजात स्वतःच म्हणतात, "उनी." पुन्हा पुढे येऊन बटण बंद करतात. आणि मग दात घासायला जातात.

उनी म्हणजे आली. आमच्या अहिराणीत. मी साक्रीच्याही पलीकडच्या एका गावची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. जळगावला बीएस्सीला आले तेव्हा पहिल्या आठवड्यात वर्गात 'आहे'च्या जागी माझ्या तोंडून एक 'शे' निसटला आणि मागच्या बाकावरच्या मुली इतक्या हसल्या, की मी तेव्हापासून वाक्य आधी मनात बोलून बघते, मग बाहेर काढते. त्यामुळे भाड्याच्या खोलीत पहिल्याच सकाळी खिडकीखालून "उनी का?" ऐकू आलं, तेव्हा मला क्षणभर आईच हाक मारतेय असं वाटलं. खाली बघितलं तर बनियनमधले नाना.

माझ्या घरमालकीण काकूंनी तोवर मला सावध केलं होतंच. "शेजारचे गाडीशी बोलतात. आपण मध्ये बोलायचं नाही."

पण नाना माझ्याशी आपणहून बोलले. माझं नाव त्यांनी विचारलं नाही. मी कॉलेजला जाते एवढं कळल्यावर त्यांनी मला 'कॉलेज' हेच नाव दिलं. "ए कॉलेज, सायकलच्या मागच्या चाकात हवा कमी शे." मी म्हटलं, "तुम्ही न बघता कसं ओळखलं?" तर म्हणाले, "आवाजावरून. हवा काही लपवत नाही. माणूस लपवतो." हे वाक्य ते दिवसातून दोनदा तरी म्हणतात.

नाना भुसावळला रेल्वेत होते. डब्यांच्या ब्रेकमधली हवा तपासायचं काम. आगगाडी हवेने थांबते हे मला नानांकडूनच कळलं. मी इतकी वर्षं समजत होते की ड्रायव्हर पाय दाबत असेल. नानांना ते ऐकून इतका धक्का बसला की त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "पाय दाबून बैलगाडी तरी थांबते का? काय शिकवतात तुम्हाला तिथे?"

नोकरी सुटली, हवा सुटली नाही. नानांच्या हाताशी दोन वस्तू कायम असतात. एक, साबणाचा फेस भरलेला मग आणि त्यात दाढीचा ब्रश. जिथे हवा असेल तिथे फेस लावायचा आणि बुडबुडा कुठे फुगतो ते बघायचं. काकूंच्या गॅसच्या नळीला त्यांनी महिन्यातून एकदा फेस लावलाच पाहिजे. काकूंच्या नातवाच्या वाढदिवसाला एक फुगा मलूल झालेला दिसला, तर नाना केक कापायच्या आधी फेस घेऊन हजर. गळती सापडली. गाठीतच होती. "वामन्याने बांधल्यासारखी गाठ मारली आहे," असं म्हणून त्यांनी ती सोडून पुन्हा बांधली. केकला साबणाचा वास येत होता असं काकू अजून सांगतात.

दुसरी वस्तू म्हणजे तेलाची लांब नाकाची कुपी. फाटकाची बिजागरी, कपडे वाळत घालायच्या दोरीची कप्पी, माझ्या सायकलची साखळी, काही म्हणून कोरडं दिसलं की नाना दोन थेंब सोडतात. "कोरडं फिरलं की झिजलं." एकदा काकूंच्या शिवणयंत्रात त्यांनी न विचारता तेल सोडलं आणि काकूंच्या नव्या ब्लाउजच्या पाठीवर गोल डाग पडला. काकू भांडायला गेल्या. नाना शांतपणे म्हणाले, "ब्लाउज काय, दुसरा मिळेल. यंत्र झिजलं असतं तर?"

आता वामन्या कोण, ते सांगते. समोरचं जे बंद घर, ज्याच्या भिंतीवर नाना आकडे लिहितात, ते वामनआबांचं. वामनआबा आणि नाना एकाच शेडमध्ये चाळीस वर्षं कामाला होते. डब्याच्या पुढच्या टोकाला नाना, मागच्या टोकाला वामनआबा. नाना हवा सोडायचे आणि ओरडायचे, "उनी का?" मागून वामनआबा ओरडायचे, "उनी!" मग डबा पास. दोघांनी निवृत्तीनंतर समोरासमोर घरं बांधली. नानी वारल्या तशी नानांची सकाळ-संध्याकाळ वामनआबांच्याच ओट्यावर जाऊ लागली. आणि मग दोघांनी मिळून ही गाडी घेतली. काळी, लांबलचक, परदेशी बनावटीची, एका कापसाच्या व्यापाऱ्याने कंटाळून काढलेली. तिला बाकीच्या गाड्यांसारख्या लोखंडी स्प्रिंगा नाहीत. चार रबरी फुगे आहेत, आणि पुढच्या चाकाआड बसवलेला एक छोटा कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. गाडी त्या हवेवर उभी राहते. हे कळल्यावर दोघा म्हाताऱ्यांनी दुसरी कुठली गाडी बघितलीच नाही म्हणे.

वामनआबांना मी कधी बघितलं नव्हतं. मी यायच्या आधीच ते धुळ्याला मुलीकडे निघून गेले होते. कारण नानांनीच मला सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज खणखणीत होता. दोघे गाडी घेऊन एरंडोलजवळ पद्मालयाच्या गणपतीला निघाले होते. देवळाच्या अलीकडेच गाडी बसली. अशी बसली की पत्रा चाकाला टेकला. लोक जमले. नाना सगळ्यांसमोर वामनआबांना म्हणाले, "हवेच्या नळीचा जोड तू बसवलास. ढिला बसवलास. चाळीस वर्षं मी तुझं काम झाकलं, आता झाकणार नाही."

"मग ते काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. काय म्हणणार? बसने घरी आला. आठ दिवसांत धुळ्याला गेला. बरं झालं. गाडी लावायला त्याच्या फाटकासमोरची जागा मोकळी झाली." असं म्हणून नानांनी माझ्या सायकलला आणखी दोन थेंब तेल सोडलं.

पुढे ऑक्टोबरमध्ये एका सकाळी नानांनी बटण दाबलं आणि घसा खाकरण्याचा आवाज आलाच नाही. गाडी बसली ती बसलीच. त्याच आठवड्यात काकूंनी बातमी आणली की वामनआबांची मुलगी दिवाळीनंतर समोरचं घर भाड्याने देणार आहे.

नाना ओट्यावर बराच वेळ बसून होते. मग मला हाक मारली. "कॉलेज, मी कॉम्प्रेसर काढतो. घरीच दुरुस्त करतो. दिवाळीच्या आत गाडी उभी करायची आणि धुळ्याला जायचं. वामन्याला त्याचा ढिला जोड दाखवायचा आणि सांगायचं, झालं ते झालं, आता घरी चल."

"बस आहे ना नाना. अडीच तासांत धुळं."

"बसने जाऊन काय तोंड दाखवू? मी बोललो तर भांडण होईल. गाडी उभी दिसली की बोलावं लागत नाही."

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. बॅटरीची तार सोडली. गाडी जॅकवर घेतली आणि खाली रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरचे जाडजूड तुकडे सरकवले. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवणाऱ्याला नाना माणसात धरत नाहीत. चाक काढलं, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर काढलं. हवेची नळी सोडताना 'फुस्स' असा बारीक आवाज झाला. "शेवटची हवा," नाना म्हणाले आणि आवाज पुरता थांबेपर्यंत त्यांनी पान्ह्याला हात लावला नाही.

मला त्यांनी मागच्या चाकापाशी स्टुलावर बसवलं होतं.

"मी काय करू?"

"काही नाही. पुस्तक वाच. हवेचं काम एकट्याने करायचं नसतं. मागे कोणी तरी लागतं."

"पण आत्ता तर गाडीत हवाच नाही."

"तरी. नियम शे."

मी रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन बसले. तीन बोल्टांपैकी दोन सुटले, तिसरा गंजलेला. त्याला तेल पाजून नानांनी एक रात्र दिली. सकाळी कॉम्प्रेसर बाहेर आला. नारळापेक्षा थोडा मोठा. एका बाजूला मोटर, मध्ये सिलिंडर, आणि त्याला चिकटून एक जाड नळकांडं. त्या नळकांड्यात हवेतलं पाणी शोषून घेणारे पांढरे मणी असतात. नानांनी ओट्यावर जुनी चादर अंथरली आणि प्रत्येक भाग डावीकडून उजवीकडे मांडत त्यासमोर खडूने आकडा घातला. काकू चहा घेऊन आल्या आणि चादर ओलांडून पलीकडे गेल्या. नानांनी सगळे भाग पुन्हा एकपासून मोजले.

"मी काय तुमचा स्क्रू पदरात बांधून नेला का?" काकू म्हणाल्या.

"मोजल्याशिवाय कसं सांगू?" नाना म्हणाले.

मग नळकांडं उघडलं. मणी कोरड्या साबुदाण्यासारखे खळखळून पडायला हवे होते. पडले ते भिजवून विसरलेल्या साबुदाण्यासारखे, पिवळट, एकमेकांना चिकटलेले गोळे. नाना जवळजवळ आनंदाने ओरडले. "हाई देख! पाणी शिरलं! वामन्याच्या जोडातून पाणी शिरलं!"

आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात असेच मणी असतात. ते पाणी पितात तरी मोकळेच राहतात, हाताला असे चिकटत नाहीत. आणि त्या गोळ्यांना एक वास येत होता. मला तो ओळखीचा होता. रोज कॉलेजला जाताना माझ्या सायकलच्या साखळीला येतो तो.

मी काही बोलले नाही. वर्गात उत्तर येत असतं तेव्हासुद्धा हात वर करायला मला फार वेळ लागतो.

चार दिवसांनी नानांनी मागवलेल्या सुट्या भागांचं पाकीट आलं. पिस्टनची नवी रिंग, रबरी कड्या, नव्या मण्यांची पिशवी आणि इंग्रजीत छापलेला एक कागद. नानांनी कागद माझ्यापुढे धरला. "वाच. एकेक ओळ. मराठीत सांग."

माझं इंग्रजी सावकाश चालतं. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. नाना प्रत्येक ओळीला एक बोट मिटत होते. पाचवीनंतर मी पुढची ओळ मनात वाचली आणि थांबले. मग ती सोडून त्याच्या पुढची वाचली.

नानांचं बोट मिटलं नाही. "सहावी कुठे गेली?"

"ती... एवढी महत्त्वाची नाही नाना."

"कागदावर शे ना? मग वाच."

मी वाचलं. "हा कोरडा कॉम्प्रेसर आहे. सिलिंडरमध्ये तेल किंवा ग्रीस घालू नये. घातल्यास मणी खराब होतात, त्यांचा चुरा व्हॉल्व्हमध्ये अडकतो आणि हवा गळते."

"परत वाच."

परत वाचलं.

"इंग्रजीत वाच."

इंग्रजीत वाचलं. नानांना इंग्रजी कळत नाही, पण ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत होते. मग त्यांनी चादरीवरचा एक पिवळा मणी उचलला, बोटांत चोळला आणि नाकाशी नेला.

"रेल्वेच्या कॉम्प्रेसरला रोज तेल लागतं," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे. "रोज पाजलं. चाळीस वर्षं." मग म्हणाले, "पद्मालयाला निघायच्या आदल्या दिवशी वामन्या म्हणाला होता, नको टाकू, आपल्याकडे याचा कागद नाही. मी म्हटलं, कोरडं फिरलं की झिजलं."

नाना उठले, हवेची सोडलेली नळी उचलली आणि तिच्या टोकाचा पितळी जोड बोटांनी फिरवून बघितला. जागचा हलला नाही.

"वामन्याचा जोड कधी ढिला नसतो," ते म्हणाले. "तो हात लावल्याशिवाय कधी 'उनी' म्हणाला नाही. मी पुढून किती ओरडलो तरी. पाऊस असो, चिखल असो, डब्याखाली घुसायचा, नळीवर हात ठेवायचा, मगच."

त्यानंतर चार दिवस चादर तशीच होती. नानांनी तिच्यावर दुसरी चादर घातली होती. गाडी स्लीपरवर असल्यामुळे मोजायलाही काही नव्हतं. तेलाची कुपी दिसेनाशी झाली. "नाना आजारी आहेत का गं?" काकूंनी मला विचारलं. "फाटक कुरकुरायला लागलं तरी आले नाहीत." मी म्हटलं, माहीत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी पुन्हा पान्ह्याचा आवाज आला. नानांनी सिलिंडर पुसून पुसून कोरडा केला. इतका, की मला दोनदा बोट फिरवायला लावलं. "तेल लागतं का बोटाला?" "नाही नाना." "नीट बघ." नवी रिंग बसवली, रबरी कड्या बदलल्या, व्हॉल्व्हमधला पिवळा चुरा टाचणीने कणाकणाने काढला, नवे मणी भरले. मग उजवीकडून डावीकडे, एकेक आकडा पुसत, सगळं जोडलं. कॉम्प्रेसर जागेवर गेला, चाक चढलं, स्लीपर निघाले. नाना ड्रायव्हरच्या जागेवर बसले. मी मागच्या चाकापाशी.

या वेळी आवाज घसा खाकरल्यासारखा नव्हता. शिवणयंत्रासारखा सलग होता.

"उनी का?" नाना ओरडले.

गाडी वर येत होती. मला दिसत होतं. पण गल्लीत माणसं होती, कोपऱ्यावर माझ्या वर्गातली एक मुलगी राहते. मी जोरजोरात मान हलवली.

"उनी का?"

मी पुन्हा मान हलवली.

नाना खाली उतरून मागे आले. "मान हलवलेली पुढे ऐकू येत नाही, कॉलेज." त्यांनी पत्र्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "उनी."

चार सकाळी त्यांनी मोजलं. चारही दिवस तेच आकडे. पाचव्या दिवशी दोन पावलं मागे सरून गल्लीला कळवलं, "उभी."

दिवाळीच्या सुट्टीला मी गावी निघाले होते. नाना म्हणाले, धुळ्यापर्यंत मी सोडतो, तिथून साक्रीची बस घे. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मी पुढचं दार उघडायला गेले तर म्हणाले, "तू मागे बस. पुढची जागा मोकळी राहू दे. येताना माणूस आहे."

पद्मालयाच्या फाट्यापाशी त्यांनी वेग कमी केला, त्या रस्त्याकडे बघितलं आणि मग तालीम सुरू केली. "वामन, सदर बिघाडास मी जबाबदार आहे." थोडं पुढे गेल्यावर, "वामन, तपासाअंती असं आढळलं की..." मग मला विचारलं, "तपासाअंती बरोबर शे का?"

"बरोबर आहे, पण... तुम्ही घरी असं बोलता का?"

पारोळा गेल्यावर त्यांनी पुन्हा सुरू केलं. "वामन्या, तेल मीच..." आणि तिथेच थांबले. धुळं येईपर्यंत ते वाक्य काही पुरं झालं नाही.

वामनआबा मुलीच्या घराच्या ओट्यावर लसूण सोलत बसले होते. बारीक, बुटके, जाड भिंगांचा चष्मा. गाडी थांबली तशी त्यांनी परात बाजूला ठेवली. नानांकडे बघितलं नाही. सरळ गाडीपाशी आले, पुढच्या चाकावरच्या फटीत चार बोटं घालून बघितली. मग मागच्या. मग वळसा घालून पलीकडच्या दोन्ही.

नाना ताठ उभे होते. "वामन," ते म्हणाले, "सदर..."

"तेल बठ्ठं निघालं का? सगळं?" वामनआबांनी चाकाकडे बघतच विचारलं.

नाना गर्रकन वळले. "तुले म्हाईत व्हतं?"

"त्याच दिवशी. पद्मालयाच्या रस्त्यावर. वास येत होता ना."

"मग बोलला का नाहीस?"

"तू चार माणसांत बोलत होतास. मीही चार माणसांतच बोलायचं का?"

नाना शर्टाच्या बाहीचं बटण काढायला लागले, मग पुन्हा लावायला लागले. "तुझं काम झाकलं म्हणालो," ते म्हणाले, "ते खोटं होतं. तुझं काम कधी झाकावं लागलं नाही."

"म्हाईत शे," वामनआबा म्हणाले. आणि मग आत बघून मुलीला हाक मारली, "मंदा, नाना उना. चहा टाक."

चहा झाला, फराळ झाला. वामनआबांनी विचारलं, आकडे लिहितोस का? नाना म्हणाले, रोज. कुठे? "तुन्या भिंतवर. घरी आलास की सगळे एका जागी दिसावेत म्हणून." वामनआबा पहिल्यांदा हसले. चष्मा काढून पुसला.

नाना म्हणाले, "मग चाल ना. पुढची जागा मोकळी शे."

वामनआबांनी सोललेल्या लसणाची परात पुन्हा मांडीवर घेतली. "मी रागावून आलो होतो, खरं आहे. राग चार महिन्यांत गेला. पण मंदा नोकरीला जाते. नातू दोन वाजता शाळेतून येतो, त्याला दार उघडायला मी असतो. आता मी ड्युटीवर शे, नाना."

नाना ड्युटी या शब्दापुढे कधीच बोलत नाहीत.

निघताना वामनआबा फाटकापर्यंत आले आणि नानांबरोबर पुढे न जाता गाडीच्या मागे गेले. गुडघ्यावर हात टेकून मागच्या चाकापाशी बसले. नाना ड्रायव्हरच्या जागेवर बसले होते. त्यांनी आरशात बघितलं. गाडी बटणाने खाली घेतली, मग वर घ्यायचं बटण दाबलं.

"उनी का?"

वामनआबांनी पत्र्यावर तळहात ठेवला. घाई केली नाही.

"उनी!" ते ओरडले. एवढ्याशा माणसाचा एवढा मोठा आवाज. शेजारच्या दोन बायका दारात आल्या.

बसस्थानकापाशी मी उतरले, तेव्हा नानांना म्हटलं, मी पुढे बसू शकले असते. ते म्हणाले, "आता बसून काय, तू तर उतरलीस." काळी गाडी जळगावकडे वळली. मागून मला नानांचं डोकं दिसत होतं, आणि शेजारची मोकळी जागा.

सुट्टी संपवून मी परत आले, तर समोरच्या घराला पोपटी रंग लागला होता. नवं बिऱ्हाड आलं होतं. भिंतीवरचे सगळे आकडे रंगाखाली गेले होते.

सकाळी जाग आली ती पट्टीच्या आवाजाने. गाडी आता बसत नाही. मोजायची काही गरज नाही. तरी नाना चारही चाकांपाशी उकिडवे बसले, मग आत जाऊन गाडी बटणाने खाली घेतली आणि पुन्हा वर.

"उनी का?"

मी खिडकीत उभी होते. तोंडात ब्रश होता. मला राहवलं नाही. ब्रश काढून मी वरूनच ओरडले, "उनी, नाना!"

खालून नानांचा आवाज आला, कडक. "हात लावल्याशिवाय म्हणू नको."

मी तशीच खाली गेले. फाटक कुरकुरलं. नवीन बिऱ्हाडातली बाई ओट्यावर उभी राहून बघत होती, कोपऱ्यावरची माझ्या वर्गातली मुलगी दूध घेऊन चालली होती. मी मागच्या चाकापाशी बसले आणि पत्र्यावर तळहात टेकवला. पत्रा गार होता. नानांनी गाडी पुन्हा पूर्ण खाली घेतली. मग आतून तो सलग आवाज सुरू झाला, आणि माझ्या हाताखाली ते सगळं जड काळं धूड, सावकाश, एकेक बोट, वर यायला लागलं.

"उनी का?"

मी ते वर येऊन थांबेपर्यंत थांबले.

"उनी!" मी ओरडले.

नाना उतरले. कानावरचा खडू काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि स्वतःच्या कोऱ्या भिंतीकडे बोट दाखवलं. मग एकेक आकडा सांगायला लागले.